गावातली गुप्तता आणि ‘पिअर’

एचआयव्ही-प्रतिबंधाच्या कामात ‘पिअर’ म्हणजे ज्या समूहात काम करायचे, त्याच समूहातला कार्यकर्ता. पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी आणि तृतीयपंथीयांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने (नाको) चालवलेल्या लक्ष्यगट हस्तक्षेप प्रकल्पांचा कणा तोच आहे. मात्र या प्रकल्पांची मांडणी शहराच्या अनुभवातून झाली. रेल्वे स्टेशन, बाग, सार्वजनिक मुतारी अशी ‘हॉटस्पॉट’ ठरवायची, तिथे जाऊन माणसे गाठायची आणि मोजायची.

गावात अशी जागाच नसते. भेटी होतात त्या बाजाराच्या दिवशी, यात्रेत, तालुक्याच्या एसटी स्टँडवर, अलीकडे फोनवर. शिवाय मेडिकल दुकानदार वडिलांच्या ओळखीचा असतो, त्यामुळे कंडोम विकत घेणे हीच जोखीम ठरते. म्हणून ग्रामीण भागातला प्रश्न केवळ अज्ञानाचा मानणे मला चूक वाटते. माहिती अनेकांना असते; ती वापरता येईल अशी निर्धोक वाट नसते.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (2007–2012) खेड्यांसाठी लिंक वर्कर योजना आली. स्थानिक तरुण-तरुणी घरोघर माहिती देऊ लागले. गरोदर बाईला तपासणीला पाठवायचे, तर गावातली ओळख कामी येते. पण ज्या मुलाला आपले नाते लपवायचे आहे, त्याला तीच ओळख भिववते. पिअर वेगळा ठरतो तो इथे. त्यालाही घर आहे, भावकी आहे, बहुधा बायकोही आहे. दोघांचे गुपित एकमेकांच्या हाती असते, आणि विश्वास उभा राहतो तो या बरोबरीवर.

बोलण्यातली मोकळीकही त्यातूनच येते. गुदमैथुनात खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन वापरण्याची सवय सर्रास आढळते, आणि तेलाने लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होतो. हे पोस्टरवर कोण लिहिणार? पिअर मोटरसायकलच्या डिकीतून कंडोम काढतो, फुग्यासारखा फुगवतो, त्यावर तेलाचे बोट फिरवतो. थोड्याच वेळात तो फुटतो. मग पाण्याच्या वंगणाची पुडी हातात देतो. पुढे चाचणीची वेळ येते. आपल्या तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय नको असेल, तर तो शेजारच्या तालुक्यातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रापर्यंत (आयसीटीसी) सोबत जातो, समुपदेशकाच्या दाराबाहेर थांबतो.

या कामाची किंमत मोजावी लागली आहे. 2001 मध्ये लखनौत अशाच प्रबोधनाचे काम करणाऱ्या चौघांना भारतीय दंडसंहितेच्या कलम 377 खाली अटक झाली. चाळीसहून अधिक दिवस ते तुरुंगात होते. प्रौढांमधल्या संमतीच्या खासगी संबंधांना ते कलम लागू होणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी स्पष्ट केले. कायद्याची भीती ओसरली, भावकीची राहिली.

एक मोठी उणीव नोंदवलीच पाहिजे. लक्ष्यगट एचआयव्हीच्या जोखमीवर ठरत असल्याने समलिंगी स्त्रिया या रचनेबाहेरच राहिल्या. लग्नानंतर इच्छेविरुद्ध संबंध सोसणाऱ्या अशा मुलीला लैंगिक आरोग्याबद्दल बोलायला तिच्यासारखीच एखादी हवी. त्यासाठी वेगळी तरतूद करावी लागेल.

कामाचा हिशेब मात्र आजही किती कंडोम वाटले, कितीजणांना चाचणीला नेले, याचाच होतो. दाराबाहेर थांबण्याला त्यात रकाना नाही. आरोग्यखाते जिथे पोचत नाही तिथे पोचणाऱ्या या माणसाला मानधनावर राबवणे अन्यायाचे आहे. त्याला पगार द्या, आणि प्रवासखर्च वेळेवर द्या.