प्रक्रिया उद्योगाची मालकी कशी ठेवावी? एकल मालकीपासून शेतकरी उत्पादक कंपनीपर्यंत

तूर तशीच विकण्याऐवजी डाळ करून विकायची ठरल्यावर मिनी डाळ मिल कोणती घ्यावी याची चौकशी चार ठिकाणी होते. उद्योगाची नोंदणी कोणत्या प्रकारे करावी हे मात्र बहुतेक वेळा अनुदान पाहून ठरते. अनुदान एकदाच मिळते. नोंदणीसोबत येणारी कर्जाची जबाबदारी, मताचा हक्क आणि दरवर्षीची कागदपत्रे उद्योग चालू असेपर्यंत सोबत राहतात. येथे एकच डाळ मिल उदाहरणादाखल घेऊन पाच प्रकारांची तुलना केली आहे.

नोंदणीपूर्वी विचारावयाचे चार प्रश्न

- भांडवल कोण घालणार?
- मिलला तूर कोण पुरवणार: घरची, भागीदारांची की गावातील अनेकांची?
- निर्णय कोण घेणार?
- तोटा झाल्यास वसुली कोणाच्या मालमत्तेवर येणार?

१. एकल मालकी

घरची तूर आणि शेजाऱ्यांची तूर भरडून देण्याचे काम एवढाच व्याप असेल तर हा प्रकार पुरेसा आहे. उद्यम नोंदणी, अन्न सुरक्षा परवाना आणि उद्योगाच्या नावे चालू खाते एवढ्यावर काम सुरू होते. नफा व निर्णय एकाचेच असतात, तशीच जबाबदारीही एकाचीच असते. उद्योगाचे कर्ज थकल्यास मालकाच्या वैयक्तिक मालमत्तेवर वसुली येऊ शकते. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत वैयक्तिक उद्योगालाही ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद आहे. त्यामुळे केवळ अनुदानासाठी गट किंवा कंपनी करण्याची गरज नसते.

२. भागीदारी

दोन-चार जण मिळून मिल घेणार असतील तर भागीदारी सोपी पडते. तिला भारतीय भागीदारी कायदा १९३२ लागू होतो. पुढील बाबी लक्षात ठेवाव्यात.

- करारपत्रात वाटा लिहिला नसेल तर भांडवल कमी-जास्त असले तरी नफा-तोटा समान वाटला जातो.
- एका भागीदाराने व्यवसायासाठी केलेले देणे सर्वांवर बंधनकारक होते आणि ते कोणाही एकाकडून पूर्ण वसूल होऊ शकते.
- करारात वेगळी तरतूद नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपुष्टात येते.
- नोंदणी सक्तीची नाही. परंतु नोंदणी नसलेल्या संस्थेला डाळीचे पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यावर करारभंगाचा दावा लावता येत नाही. म्हणून नोंदणी करावीच.

३. मर्यादित दायित्व भागीदारी (एलएलपी)

२००८ च्या कायद्यानुसार होणाऱ्या या प्रकारात किमान दोन भागीदार लागतात. संस्थेचे देणे सामान्यतः संस्थेपुरते राहते आणि एका भागीदाराच्या चुकीचा बोजा दुसऱ्यावर येत नाही. मात्र कर्ज देताना बँक भागीदारांची वैयक्तिक हमी मागू शकते. हमीपत्रावर सही केल्यास त्या कर्जापुरते हे संरक्षण उरत नाही. उलाढाल नसली तरी वार्षिक विवरणपत्रे भरावी लागतात.

४. सहकारी संस्था

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० नुसार वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान १० व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. शेअर्स कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत असते. उपविधी, कार्यक्षेत्र, निवडणूक, लेखापरीक्षण आणि वार्षिक सर्वसाधारण सभा यांवर सहकार खात्याची देखरेख असते. ज्या गावात सोसायटी किंवा दूध संस्था नीट चालली आहे, तेथे लोकांना ही पद्धत ओळखीची असते. निर्णय व मंजुरीला वेळ लागतो, हे गृहीत धरावे.

५. शेतकरी उत्पादक कंपनी

कंपनी कायद्यात २००२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने हा प्रकार आला. किमान १० उत्पादक सभासद, ५ ते १५ संचालक आणि पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी असावा लागतो. वैयक्तिक सभासदाला एकच मत असते. शेअर बाहेरच्या गुंतवणूकदाराला विकता येत नाही, त्यामुळे मालकी उत्पादकांकडेच राहते.

नफावाटपात भांडवलापेक्षा मालाला महत्त्व आहे. एका सभासदाने १० क्विंटल व दुसऱ्याने ४० क्विंटल तूर दिली तर मालाच्या प्रमाणात मिळणारा बोनस १ : ४ असा होतो, मत मात्र दोघांचे सारखेच राहते.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली खेळत्या भांडवलाची. तुरीची आवक थोड्या आठवड्यांत येते. कंपनी रोख देऊ शकली नाही तर सभासदच तूर व्यापाऱ्याला घालतो आणि मिल रिकामी राहते. दुसरी अडचण कागदपत्रांची. आर्थिक पत्रके व वार्षिक विवरणपत्र मुदतीत भरले नाही तर प्रत्येकी रोज १०० रुपये जादा शुल्क लागते. दोन्ही एक वर्ष राहिली तर ही रक्कम ७३,००० रुपये होते, कंपनीने एक क्विंटलही माल घेतला नसला तरी. सलग तीन आर्थिक वर्षे विवरणपत्रे न भरल्यास त्या वेळचे संचालक ५ वर्षांसाठी अपात्र ठरतात. नावापुरते संचालक होण्यासाठी सही देणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे.

२०२० मध्ये सुरू झालेल्या १०,००० शेतकरी उत्पादक संस्थांच्या केंद्रीय योजनेत सपाट भागासाठी किमान ३०० सभासदांची अट ठेवली होती आणि कंपनीसोबत सहकारी संस्थाही पात्र धरली होती. म्हणजे कंपनी हा एकच मार्ग नाही.

निवड कशी करावी?

- घरचा माल व घरचे भांडवल: एकल मालकी.
- दोन ते चार विश्वासू भागीदार: नोंदणीकृत भागीदारी; कर्ज व उधारी मोठी असेल तर एलएलपी.
- अनेकांचा माल, स्थानिक विक्री, खात्याची देखरेख मान्य: सहकारी संस्था.
- अनेकांचा माल, दूरची बाजारपेठ, पगारी व्यवस्थापक व सीएचा खर्च पेलण्याइतकी उलाढाल: उत्पादक कंपनी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

गटाची नोंदणी करण्यापूर्वी एक हंगाम एकत्रित विक्री करून पाहावी. किती सभासदांनी खरोखर माल दिला, हिशेब कोणी लिहिला आणि पैसे किती दिवसांत मिळाले, याची नोंद ठेवावी. नंतर प्रकार बदलल्यास परवाने, बँक खाते आणि कर्जाची कागदपत्रे बहुतेक नव्याने करावी लागतात. योजनांचे चालू निकष तालुका कृषी अधिकारी कार्यालयात व शुल्काचे दर सीएकडे तपासूनच अर्ज करावा.