चाप ओढला, पण गोळी सुटलीच नाही! पिस्तुलातील ‘लाइट स्ट्राइक’ म्हणजे काय?

निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवेल त्या परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा होतात. 2024 मध्ये सोलापुरात 7 मे रोजी लोकसभेचे आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले, म्हणजे एकाच वर्षात अशी वेळ दोनदा आली. कित्येक आठवडे पडून राहिलेले पिस्तूल परत मिळते, रेंजवर सरावाला काढले जाते, चाप ओढला जातो आणि ‘टक्’ एवढाच आवाज येतो. काडतूस काढून पाहावे तर बुडावर बारीकसा खड्डा. यालाच ‘लाइट प्रायमर स्ट्राइक’ म्हणतात.

नेमके काय होते?

काडतुसाच्या बुडाशी मधोमध प्रायमर नावाची धातूची छोटी टोपी असते. तिच्यात आघाताने पेटणारे रसायन असते. फायरिंग पिन जोरात आदळली की ते पेटते, ज्वाला दारूपर्यंत पोहोचते आणि गोळी सुटते. जोर कमी पडला तर टोपी नुसती चेपते.

‘टक्’ झाल्यावर लगेच काय करायचे?

काहीच नाही, आणि तेच अवघड असते. नळीचे तोंड लक्ष्याच्याच दिशेला धरून किमान 30 सेकंद थांबायचे, कारण काही वेळा काडतूस उशिरा पेटते. पिस्तूल फिरवून नळीत डोकावणे हा जीवघेणा मूर्खपणा आहे. त्यानंतर आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे ओढून काडतूस बाहेर घ्यायचे. नेमबाजीच्या स्पर्धेतही पिस्तूल अडले तर खेळाडू ते लक्ष्याकडेच रोखून धरतो, मोकळा हात वर करतो आणि पंचांना बोलावतो.

आवाज नेहमीपेक्षा दबका आला असेल, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. अशा वेळी पुढची गोळी झाडली तर नळी फुटू शकते. चित्रपटात दिसते तशी झटकन स्लाइड ओढून पुन्हा गोळी झाडण्याची सवय इथेच घात करते.

दोष कुठे आहे?

खड्डा बरेच काही सांगतो. तो अजिबात नसेल तर फायरिंग पिन तुटलेली असू शकते, किंवा चेंबरमध्ये काडतूसच नव्हते. 2022 मध्ये अर्जेंटिनाच्या उपराष्ट्राध्यक्ष क्रिस्टिना किर्चनर यांच्या चेहऱ्यासमोर रोखलेले पिस्तूल चालले नाही, त्याचे कारण हेच होते. गोळ्या मॅगझिनमध्ये होत्या, चेंबरमध्ये नव्हत्या. खड्डा नेहमीइतका खोल असूनही गोळी सुटली नसेल, तर संशय काडतुसावर घ्यावा. ते जुने असेल, ओल धरलेले असेल किंवा प्रायमरमध्ये तेल झिरपलेले असेल.

उथळ खड्डा मात्र पिस्तुलाकडे बोट दाखवतो. सर्वात जास्त आढळणारे कारण साधेच आहे, घाण. फायरिंग पिनच्या पोकळीत ओतलेले तेल चाळिशीपारच्या उन्हाळ्यात सुकते, त्यात धूळ आणि दारूची काजळी मिसळते आणि चिकट थर तयार होतो. पिन त्यातून रखडत जाते. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी, हा गैरसमज इथे नडतो. अनेक उत्पादक ही पोकळी कोरडीच ठेवायला सांगतात. दुसरे कारण म्हणजे स्लाइड पूर्ण पुढे न बसणे. मग आघाताचा काही जोर काडतूस आत ढकलण्यातच वाया जातो. घोड्याची स्प्रिंग थकणे आणि पिनचे टोक झिजणे, हीही कारणे असतातच.

निदान करताना त्याच पिस्तुलातून नीट सुटलेल्या गोळीचे रिकामे काडतूस शेजारी ठेवून खड्ड्यांची तुलना करावी. काडतुसांची दुसरी पेटी वापरल्यावर तक्रार थांबली, तर दोष बहुधा काडतुसांचा.

घरी दुरुस्ती चालेल का?

उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार, पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून वरवरची सफाई करता येते. स्प्रिंग कापणे, ताणणे किंवा पिन घासणे मात्र नको. फार लांब झालेली पिन प्रायमर भेदू शकते, आणि उष्ण वायू मागे उसळतो.

ओळखीच्या लेथवाल्याकडे पिस्तूल नेणे तर थेट गुन्हा ठरू शकतो. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार शस्त्रदुरुस्तीसाठी वेगळा परवाना लागतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान 7 वर्षे, तर कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. त्यामुळे पिस्तूल, परवाना आणि ते न पेटलेले काडतूस परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेच न्यावे. सोलापूर शहरातील शस्त्रपरवान्याचे काम पोलीस आयुक्तालयाकडे असते, तर ग्रामीण भागाचे जिल्हाधिकारी कार्यालयाकडे.