धोबीतलावाच्या कोपऱ्यावरील जेर महाल

धर्मग्रामाच्या महोत्सवी पुस्तिकेंत देवळाच्या पायाची, घंटेची व पूर्वीच्या धर्मगुरूंची हकीकत यावी, हें रास्तच आहे. परंतु पोटासाठीं गांव सोडून गेलेल्या माणसांनीं परक्या शहरांत आपलें गांव व आपलें देऊळ कसें सांभाळलें, ही हकीकत अशा पुस्तिकांतून क्वचितच वाचावयास मिळते. धानाच्या गिरण्यांच्या आपल्या या गोंदिया जिल्ह्यांतूनहि तरुण मंडळी कामधंद्यासाठीं दूर जातात. म्हणून मुंबईंतील एका कोपऱ्यावरच्या जुन्या चाळवजा इमारतीचा इतिहास येथें देण्याचें योजिलें आहे. तिचें नांव जेर महाल.

विदर्भ एक्स्प्रेसनें गोंदियाहून निघालेला प्रवासी दुसऱ्या दिवशीं सकाळीं छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसांत उतरतो. तेथून महापालिका मार्गानें चालत कामा इस्पितळ व सेंट झेवियर्स महाविद्यालय मागें टाकलें कीं, थोड्याच वेळांत तो वासुदेव बळवंत फडके चौकांत येतो. चौकाच्या एका अंगास 1938 सालीं उघडलेलें मेट्रो चित्रपटगृह आहे. समोर, जगन्नाथ शंकरशेट मार्गाच्या तोंडाशीं, जेर महाल. या भागास धोबीतलाव म्हणतात. ज्या तळ्यावर धोबी कपडे धूत, तें केव्हांच बुजविलें गेलें. परंतु नांव मात्र राहिलें आहे.

जेर हें पारशी स्त्रियांचें नांव. महाल या शब्दानें मात्र वाचकांनीं फसूं नये. संगमरवर, झुंबरें, दिवाणखाना यांपैकीं येथें कांहीं नाहीं. खालीं दुकानें, वर ओळीनें खोल्या, लांकडी जिने, आणि रस्त्याच्या बाजूस लांकडी सज्जे, असा हा जुन्या मुंबईचा नित्याचा थाट. तरी त्यांत शहाणपण होतें. मुंबईच्या उकाड्यांत व चार महिन्यांच्या पावसांत पुढें आलेला सज्जा भिंतीला ऊन लागूं देत नाहीं, पावसाची झड अडवितो, व खोलीचें दार उघडें ठेवतां येतें. शिवाय माणसांनीं भरलेल्या खोलींतून बाहेर येऊन उभें राहण्यास तेवढीच मोकळी जागा. इमारत कोपऱ्यावर असली म्हणजे रस्त्याकडची बाजू वाढते आणि वारा व उजेड अधिक मिळतो. कोपऱ्याची जागा हिंदु व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांस मिळे, असें मुंबईंत सांगतात. तें कसेंहि असो, 1904 सालीं सुरू झालेलें क्यानी आणि कंपनी हें इराणी उपाहारगृह याच इमारतीच्या तळमजल्यावर आहे.

परंतु जेर महालाचें खरें वैशिष्ट्य वरच्या मजल्यांवर आहे. तेथें गोव्याच्या गांवांच्या 'कुडी' आहेत. आपल्याकडे कूड म्हटलें कीं काड्यांची, मातीनें लिंपलेली भिंत डोळ्यांपुढें येते. कोंकणींत कूड म्हणजे खोली. एका गांवच्या लोकांनीं मिळून भाड्यानें घेतलेल्या अशा खोलीला इंग्रजींत क्लब म्हणूं लागले, आणि बहुतेक क्लबांस गांवाचें व गांवच्या आश्रयदात्या संताचें नांव मिळालें. एकोणिसाव्या शतकांत गोवा पोर्तुगिजांकडे व मुंबई इंग्रजांकडे होती. गोव्यांत शेती थोडी व रोजगार त्याहून थोडा. मुंबईंत आगबोटींच्या कंपन्या होत्या, साहेबांचीं स्वयंपाकघरें होतीं, बँडवाले हवे होते. पी. अँड ओ. व ब्रिटिश इंडिया यांसारख्या कंपन्यांच्या बोटींवर आचारी व वाढपी म्हणून गोंवेकर ख्रिस्ती मोठ्या संख्येनें जात. एक सफर संपली कीं दुसरी मिळेपर्यंत आठवडेच्या आठवडे मुंबईंत काढावे लागत. परक्या माणसाला बिऱ्हाड कोण देणार? खाणावळींत राहिल्यास कमाई तेथेंच संपावयाची. म्हणून गांवानेंच खोली घेतली. धोबीतलावाहून गोदी जवळ, रेल्वे जवळ, आणि देवळेंहि जवळ.

कुडीची मांडणी साधी असे. एका भिंतीशीं आल्तार व संताची मूर्ति. उरलेल्या भिंतींशीं सभासदांच्या पेट्या, एकीवर एक. पेटी हेंच माणसाचें घर. रात्रीं चटई पसरावी व निजावें. सायंकाळीं रोझारीस हजर राहिलें पाहिजे, दारू व जुगार चालणार नाहीं, स्त्रियांस मुक्काम नाहीं, असे नियम. वर्षांतून एकदां गांवच्या संताचें फेस्त व्हावयाचें. कोणी आजारी पडला, कोणी वारला, तर पुढील व्यवस्था गांवकरीच पाहत. खलाशी समुद्रावर असतां त्याची पेटी भिंतीशीं तशीच राही. 1939 ते 1945 च्या महायुद्धांत बोटींबरोबर गोव्याचे अनेक खलाशी बुडाले. त्यांच्या पेट्या उघडण्याचें दुःखद काम अशाच खोल्यांतून झालें असलें पाहिजे.

या व्यवस्थेची नुसती स्तुति करणें बरें नव्हे. कांहीं गांवांच्या कुडी जातीवरून वेगळ्या झालेल्या होत्या. एकच जपमाळ म्हणणारीं माणसें दोन निराळ्या खोल्यांत ती म्हणत. हें आपणांसहि अगदींच अपरिचित नाहीं.

मुंबईनें मात्र या खोल्यांपासून पुष्कळ घेतलें. कोंकणी तियात्र प्रथम 17 एप्रिल 1892 रोजीं झालें तें गोव्यांत नव्हे, मुंबईंत. हिंदी बोलपटांच्या वाद्यवृंदांतील कित्येक व्हायोलिन व ट्रंपेट वाजविणारे गोंव्याचे होते, आणि गांवांतून आलेल्या कित्येकांचें शहरांतील पहिलें बिऱ्हाड ही कूडच असे. 1955 च्या सत्याग्रहानंतर गोव्याची सरहद्द बंद झाली. 19 डिसेंबर 1961 रोजीं गोवा मुक्त होईपर्यंत घरीं जाणेंयेणें दुर्घट झालें, तेव्हां ज्याला तात्पुरता निवारा म्हणत तेंच घर होऊन बसलें.

आतां इमारतीच्या दुखण्याकडे वळूं. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानें मुंबईंतील जुनीं भाडीं गोठलीं. त्यामुळें गरीब भाडेकरू टिकला. परंतु मालकास दुरुस्तींत रस उरला नाहीं. लांकडी तुळया, जिने व सज्जे यांना पावसापासून जपावें लागतें. तें कोणी करावें, हा प्रश्न शहरभर पडून राहिला. चाळी कोसळूं लागल्या, तेव्हां 1969 सालीं सरकारनें उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापण्याचा कायदा केला. एवढ्यानें रोग हटला नाहीं. इमारत पाडून मनोरा बांधावा, असें म्हणणें सोपें आहे. पण एका कुटुंबास एक सदनिका देतां येते. ज्या खोलीवर साऱ्या गांवाचा हक्क, तिच्या बदल्यांत कोणाला काय द्यावयाचें? या लेखकाच्या मतें खरी अडचण लांकडाची नसून हीच आहे.

26 जानेवारी 1998 पासून कोंकण रेल्वे सुरू झाली, विमानें वाढलीं, गोव्याचा तरुण घरूनच परदेशीं जाऊं लागला. कुडींत पूर्वीची गर्दी राहिली नाहीं. तरी बोटीवर रुजू होण्यापूर्वीं वैद्यकीय तपासणीसाठीं व कागदपत्रांसाठीं मुंबईंत येणारा खलाशी आजहि आपल्या गांवच्या कुडीचा लांकडी जिना चढतो, अल्प भाडें भरतो, आणि पेटी आल्ताराच्या बाजूस ठेवून सायंकाळच्या रोझारीला बसतो.