मरोळ-कोंडिविटे : साष्टीतील एका ग्रामसमूहाची कहाणी

मरोळ हे नाव आज बहुतेकांना मेट्रोच्या स्थानकामुळे, कारखान्यांमुळे किंवा सुक्या मासळीच्या बाजारामुळे ठाऊक असते. मरोळ हे एक गाव होते, आणि त्याच्या अवतीभोवती कोंडिविटे, मुळगाव, चकाला, सहार, गुंदवली, व्यारवली, मरोशी अशी गावांची एक साखळीच होती, याची आठवण मात्र आता गावठाणातील जुन्या घरांपुरतीच उरली आहे. मुंबईच्या उत्तरेकडील ज्या बेटावर ही गावे वसली, त्याचे नाव साष्टी. सहासष्ट गावांचा प्रदेश म्हणून हे नाव पडले, असे परंपरा सांगते. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचे ‘साल्सेत’ झाले. साष्टीच्या मोठ्या इतिहासात मरोळ-कोंडिविट्याचे पान लहानसेच आहे. परंतु गाव म्हणजे नेमके काय, ते कशाने टिकते आणि कशाने नाहीसे होते, या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्याने हे पान अवश्य वाचावे.

प्रथम भूमीचा विचार करू. उत्तरेस डोंगर व अरण्य, त्यांच्या पायथ्याशी भातखाचरे आणि मधून वाहणारी मिठी नदी, असे या परिसराचे मूळ रूप होते. मिठीचे पाणी अडवून 1860 च्या सुमारास विहार तलाव पुरा झाला. मुंबई शहराला नळाने पाणी मिळू लागले ते याच तलावातून. पुढे 1890-91 च्या सुमारास पवईचा तलावही बांधण्यात आला. शहराची तहान भागवण्यासाठी गावांनी आपली जमीन व आपले पाणी देण्याची जी परंपरा येथे सुरू झाली, ती पुढे खंडित झाली नाही.

या भूमीवरील मानवी वस्तीचा सर्वांत जुना पुरावा कोंडिविट्याच्या टेकडीत आहे. महाकाली लेणी या नावाने ओळखला जाणारा हा समूह वास्तविक बौद्ध भिक्खूंचा. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंत येथे एकंदर 19 लेणी खोदली गेली. त्यांतील नवव्या क्रमांकाचे चैत्यगृह अभ्यासकांना विशेष मोलाचे वाटते. त्याच्या आतल्या टोकाला खडकातच एक गोल झोपडी कोरलेली असून तिच्या भिंतीला जाळीच्या खिडक्या आहेत. आत स्तूप आहे. अशा रचनेची तुलना थेट बिहारमधील बराबर टेकड्यांतील प्राचीन गुंफांशी केली जाते. गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणाने येथे विहार दान केल्याची नोंद देणारा पाली शिलालेखही येथे आहे. ब्राह्मणाने बौद्ध भिक्खूंसाठी निवारा द्यावा, ही गोष्ट आजच्या काळात आवर्जून लक्षात ठेवण्यासारखी आहे. भिक्खू गेले, लेणी ओस पडली, जवळच्या देवीच्या मंदिरामुळे त्यांना महाकालीचे नाव मिळाले. गाव मात्र राहिले.

1534 च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व तिच्या अमलाखालील प्रदेश पोर्तुगीजांना दिला आणि साष्टी त्यांच्या सत्तेखाली आली. सैनिक व जमीनदार यांच्यामागून फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय धर्मगुरू आले. कोंडिविटे येथे येशूसंघीयांनी 1579 मध्ये संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावे चर्च उभारले. या काळाकडे केवळ भाविकतेने पाहून चालणार नाही. पोर्तुगीज राजवटीत धर्मप्रसाराच्या पाठीशी राजसत्तेचे बळ होते. देवळे पाडली गेली, दडपण आणले गेले, हे इतिहासाने नोंदवले आहे व आपण ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर हेही सत्य आहे की, ज्यांनी हा धर्म स्वीकारला त्यांनी आपली भाषा, आपले शेत आणि आपले शेजारी सोडले नाहीत. त्यांच्या घरात मराठीची एक बोली नांदत राहिली. नांगर, पेरणी, लग्नातील गाणी यांत पूर्वजांचा वारसा जिवंत राहिला.

सत्ता गेल्यावर ही श्रद्धाही जाईल, असे कोणाला वाटले असते तर नवल नव्हते. 1737 मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली आणि 1739 मध्ये वसईचा पाडाव झाला. युरोपीय संघीय धर्मगुरू बहुतांशी निघून गेले. त्यांच्या मागे गावोगावच्या ख्रिस्ती जनांना धीर दिला तो देशी धर्मगुरूंनी आणि घराघरातून म्हटल्या जाणाऱ्या रोजच्या प्रार्थनेने. राजाश्रय संपल्यावरही जे टिकले, ते लोकांचे स्वतःचे झाले होते, असेच म्हणावे लागेल. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने त्यांचा ताबा कायम झाला. गावकऱ्यांनी तिसऱ्यांदा नवा धनी पाहिला.

यानंतर या ग्रामसमूहाच्या इतिहासातील सर्वांत मोठा प्रसंग घडला. 1840 मध्ये कोंडिविट्यात साथीच्या रोगाने थैमान घातले. लोकांनी गाव सोडले आणि अडीचशेहून अधिक वर्षे जेथे पवित्र मिस्सा अर्पण होत होता ते चर्च ओस पडले. पण ते निर्वासितांसारखे रिक्त हाताने गेले नाहीत. मूर्ती, खांब आणि स्नानसंस्काराचे कुंड त्यांनी बरोबर नेले व मरोळला नवे चर्च उभे केले. हे चर्च संत योहान शुभवर्तमानकार यांच्या नावे आहे. आश्रयदाता संत बदलला तरी योहान हे नाव राहिले. मरोळचे धर्मग्राम आपला आरंभ 1840 पासून नव्हे, तर 1579 पासून मोजते, यात मोठा अर्थ आहे. भिंती मागे राहिल्या, परंतु ज्या कुंडात आजे-पणजे ख्रिस्ती झाले ते कुंड पुढे गेले. धर्मग्राम इमारतीत नसते, ते माणसांत असते, हे आपण प्रवचनातून नेहमी सांगतो. मरोळच्या लोकांनी ते करून दाखवले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या समाजाने आपले नावही निश्चित केले. गोवा व मंगळूर येथून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून येथील मूळच्या ख्रिस्ती जनांनी 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. साष्टीतील जुनी धर्मग्रामे बहुतांशी 1886 पासून दमण धर्मप्रांतात होती. 1928 मध्ये ती मुंबईच्या महाधर्मप्रांतात आली. याच सुमारास आणखी एक छाया या गावांवरून गेली होती. 1896 च्या प्लेगनंतर साष्टीतील अनेक गावठाणांच्या वेशीवर व चौकांत दगडी क्रूस उभे राहिले. आजही त्यांच्यासमोर मेणबत्ती लागते आणि मे महिन्यात रोझरी म्हटली जाते.

विसाव्या शतकात मात्र संकट रोगाच्या रूपाने आले नाही, विकासाच्या रूपाने आले. 1949 मध्ये आरे दुग्ध वसाहतीची स्थापना झाली. 1950 मध्ये अंधेरीपर्यंतचे उपनगर बृहन्मुंबईत सामील झाले. पुढे औद्योगिक वसाहत आली, 1973 मध्ये ‘सीप्झ’ हे निर्यात क्षेत्र स्थापन झाले, आणि 1981 च्या सुमारास सहारचे आंतरराष्ट्रीय विमानतळ टर्मिनल सुरू झाले. यांतील प्रत्येक योजनेमुळे हजारो हातांना काम मिळाले, हे नाकारता येणार नाही. परंतु त्यासाठी भातखाचरे गेली, आणि शेतकरी पाहता पाहता शेत नसलेला गावकरी झाला. कोंडिविट्याचे जुने चर्चही सीप्झच्या कुंपणाआड गेले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीने आपला जुना मार्ग सर्वांना दाखवून दिला. ज्या खाचरांत पूर्वी पाणी मुरत असे ती राहिली नव्हती.

तरीही गाव संपले नाही. कोंडिविट्याच्या चर्चचे छत कधीच गेले. जीर्ण भिंती आणि दर्शनी भाग उभा आहे. वर्षातून एकदा, मे महिन्यात, कुंपणाचे दार भाविकांसाठी उघडते आणि त्या भिंतींच्या आत पुन्हा मिस्सा अर्पण होतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेराचा सण होतो. भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद दिला जातो, जरी त्या बहुतेक गावठाणांत आता बाहेरून आणाव्या लागतात. लग्नात उंबराचे पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात, जरी कित्येक विहिरी बुजल्या आहेत. कोणी म्हणेल, शेत नसताना लोंब्या आणि पाणी नसताना विहीर, हे निव्वळ नाटक झाले. मला तसे वाटत नाही. ज्यांनी कुंड उचलून नेले त्यांच्याच वंशजांची ही रीत आहे.

तथापि केवळ सणांवर विसंबून राहता येणार नाही. 1840 मध्ये लोक एकत्र निघाले आणि एकत्र थांबले. आजचे स्थलांतर एकेका घराचे आहे. जुने कौलारू घर विकासकाच्या हाती जाते, मुले परदेशी जातात, आणि गावठाणाची हद्द कागदावर कोठे संपते यावरून वाद उभे राहतात. ज्या गावाची नोंद नाही त्याचा बचाव करणे कठीण असते. म्हणून प्रत्येक कुटुंबाने काही साध्या गोष्टी कराव्यात. घरातील मिळकतीचे जुने कागद जपून ठेवावेत. आजी-आजोबांकडून शेतांची, पाखाड्यांची, विहिरींची नावे विचारून वहीत उतरवावीत. चर्चमधील स्नानसंस्काराच्या नोंदींवरून आपल्या चार पिढ्यांची नावे काढावीत. बोलीतील गाणी म्हणणारी माणसे आहेत तोवर ती ध्वनिमुद्रित करावीत. धर्मग्रामांतील तरुण मंडळांनी हे काम हाती घेतले तर एका वर्षात मोठा ठेवा जमा होईल.

2024 च्या ऑक्टोबरपासून मरोळच्या पोटातून भुयारी मेट्रो धावू लागली आहे. टेकडीवर दोन हजार वर्षांची लेणी, कुंपणाआड सोळाव्या शतकातील चर्च, चौकात दगडी क्रूस आणि जमिनीखाली रेल्वे, असे हे आजचे मरोळ आहे. मुलांना एखाद्या रविवारी मिस्सानंतर लेणी दाखवायला न्यावे, मे महिन्यात कोंडिविट्याला न्यावे, आणि आपले लोक येथून कोणती वस्तू उचलून घेऊन गेले होते, हे त्यांना सांगावे.