अंकोरची जुनी वाट

आज कंबोडियातले अंकोर पाहायचे तर विमानाने उतरावे, दोनतीन दिवस देवळे पाहावीत नि परतावे. पण सातशे वर्षांपूर्वी, श्रोतेहो, तिथे जायचे कसे?

चौ ता-क्वान नावाचा एक चिनी गृहस्थ १२९६ साली बादशहाच्या वकिलातीबरोबर गलबताने निघाला. वाटेत वारा उलटा पडला. वसंतात निघालेली ही मंडळी मेकाँग नदीतून वर चढून राजधानीत पोचली, तेव्हा ऑगस्ट उजाडला होता! परतले पुढच्या वर्षी. मात्र या लांबलेल्या मुक्कामामुळेच त्याने लिहिलेले वर्णन आपल्याला मिळाले. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते, की तोन्ले साप ही तिला मिळणारी नदी उलटी फिरून तळ्याकडे वाहू लागते. तिथल्या नावाड्याला हे पाणी ओळखावेच लागे.

आणि पायी जाणारा? त्याची काळजी सातव्या जयवर्म्याने वाहिली. प्रेआह खान येथील ११९१ च्या शिलालेखात रस्त्यांवरच्या १२१ धर्मशाळांचा हिशेब आहे. लेख संस्कृतात असून त्यांना 'वह्निगृह' म्हटले आहे. वह्नि म्हणजे विस्तव. रात्री रानात थकल्याभागल्या वाटसरूला आधी काय लागते, ते या नावातच आले. शंभर वर्षांनी चौ ता-क्वानलाही हमरस्त्यांवर विसाव्याच्या जागा आढळल्या. देवळे सगळे पाहतात. मला या धर्मशाळांचे मोल अधिक वाटते.

अंकोरहून आग्नेयेला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर कांपोंग क्देईचा पूल अजून उभा आहे. तो बांधला आहे आपल्या कोकणातल्यासारख्या जांभ्या दगडाने.