डेटाच्या वखारीची कुळकथा

‘डेटाबेस आणि डेटा वेअरहाऊस यांत फरक काय?’ अमरावतीत नोकरीच्या मुलाखतीला बसणाऱ्या संगणकाच्या पोरांना हा प्रश्न पाठ असतो. उत्तर इंग्रजीतून घडाघडा येतं. मराठीत विचारलं की मात्र, ‘गोदामच तं आहे, सर.’ घोटाळा इथेच आहे. गोदामात पोतं जसं जातं तसंच बाहेर येतं. वेअरहाऊसमध्ये नेमकं तेच होऊ द्यायचं नसतं.

वऱ्हाडाला साठवण नवी नाही. घरात कणगी, भिंतीत बळद, जमिनीत पेव. ज्याची ज्वारी त्याच्या पेवात. शेजाऱ्याच्या पेवात काय, किती, कुणाला ठाऊक! मोठ्या कंपन्यांची संगणकातली माहिती बरीच वर्षं अशीच होती. विक्री खात्याचं पेव वेगळं, हिशेबाचं वेगळं. ‘यंदा धंदा किती झाला?’ असं मालकाने विचारलं की तीन खात्यांची तीन उत्तरं. यावर १९८८ साली आयबीएमच्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी एक लेख लिहिला, आणि त्यात ‘वेअरहाऊस’ हा शब्द माहितीला चिकटला. १९९२ मध्ये बिल इन्मन यांचं पुस्तक आलं. त्यांच्या अटी चार: माहिती विषयवार लावलेली हवी, सगळ्या खात्यांची एकजीव केलेली हवी, काळाची नोंद ठेवणारी हवी आणि एकदा आत आली की न बदलणारी हवी.

यातली दुसरी अट सगळ्यात अवघड. ती समजायला आपला कापूस बरा. अमेरिकेतल्या यादवीमुळे (१८६१–६५) लिव्हरपूलला तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडाच्या कापसाचा भाव चढला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. शेकडो गावांचा हा माल परदेशी बाजारात एकाच नावाने विकला जाई: ‘उमरा’. अमरावतीच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगचं, ‘उमरावती’चं, हे तुटकं रूप. त्या एका नावामागे जिनात सरकी वेगळी काढणं होतं, प्रतवारी होती, गठाण बांधणं होतं. वेअरहाऊसवाले ‘ईटीएल’ म्हणतात ते याहून फार निराळं नाही: माल उचला, साफ करा, मग आत भरा.

पण मोजमाप कुणाचं धरायचं? १८८६ मध्ये कारंज्याचा बाजार नियमाखाली आला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. दलाल आणि मापारी यांना परवाने, देखरेखीला समिती. समितीत व्यापारी होते, कापूस पिकवणाऱ्याला मात्र जागा नव्हती. वेअरहाऊसमध्येही ‘ग्राहक’ कुणाला म्हणायचं हे वर बसलेले ठरवतात, नोंद करणाऱ्या कारकुनाला कुणी विचारत नाही. चुका तिथूनच शिरतात, असं माझं मत.

राल्फ किंबल यांनी १९९६ च्या पुस्तकात मांडणी सोपी केली. मधोमध घटनेचा तक्ता: किती क्विंटल, काय भाव. भोवती तारीख, गाव, वाण, अडत्या यांचे तक्ते. आकृती ताऱ्यासारखी दिसते, म्हणून ‘स्टार स्कीमा’. बाजार समितीत काम केलेल्या माणसाला हे शिकवायला अर्धा तास पुरे.

पुढे साठवण स्वस्त झाली आणि सरकीसकट कापूस भरण्याची चाल पडली. २०१० मध्ये जेम्स डिक्सन यांनी तिला ‘डेटा लेक’ म्हटलं. तळं म्हणता म्हणता अनेक ठिकाणी चिखल झाला. मग तळं आणि वखार एकत्र करणारं ‘लेकहाऊस’ निघालं. क्लाउडमध्ये आता साठवणीचं भाडं वेगळं आणि हिशेब करण्याचं वेगळं.

याचा फायदा अकोल्याच्या पोरालाही आहे. गूगलच्या बिगक्वेरीत दहा जीबी साठवण आणि महिन्याला एक टीबीपर्यंतची चाळणी फुकट मिळते. बाजार समित्यांचे रोजचे भाव अ‍ॅगमार्कनेटवर खुले आहेत. क्लासची फी भरण्याआधी अकोला आणि अमरावतीचे तूर, सोयाबीन, कापसाचे वर्षभराचे भाव उतरवून घ्या आणि स्वतःचा तारा मांडून बघा. जुने कागद जोडायला गेलात तर एकाच गावाचं नाव ‘अमरावती’, ‘अमरावटी’, ‘उमरावती’ अशा तऱ्हांनी समोर येईल. पुढचा तक्ता नंतर. आधी ते एक करा.