मोटारगाडीची निगा : यंत्रेतिहासांतील एक उपेक्षित प्रकरण

यंत्रांचे इतिहास बहुधा शोधकांच्या चरित्रांनीं भरलेले असतात. अमुक यंत्र अमुक सालीं अमक्यानें काढिलें, एवढें नोंदविलें म्हणजे इतिहासकाराचें काम संपलें, असा समज रूढ आहे. परंतु यंत्र निर्माण होणें ही एका दिवसाची गोष्ट. तें चालतें राहणें ही पुढील प्रत्येक दिवसाची. ही दुसरी गोष्ट कोणी साधली, तिचें ज्ञान कोणाच्या हातीं होतें व तें एका हातांतून दुसऱ्या हातांत कसें गेलें, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखांत मोटारगाडीपुरता हा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मोटारगाडी जसजशी अधिक भरंवशाची होत गेली, तसतशी तिची झीज मालकाच्या दृष्टीआड गेली. आणि म्हणूनच जाणत्या कारागिराकडून ठराविक मुदतीनें होणाऱ्या तपासणीची गरज कमी न होतां उलट वाढली.

आरंभ जर्मनींतील मानहाइम शहरापासून केला पाहिजे. तेथील कार्ल बेन्झ यानें आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटासाठीं ता. २९ जानेवारी १८८६ रोजीं अर्ज केला. त्या पेटंटाचा क्रमांक ३७४३५. गाडीच्या इंजिनास नळकांडें एकच होतें व शक्ति एका अश्वशक्तीहूनहि कमी. शोध कागदावर सिद्ध झाला. परंतु ही गाडी लांबच्या पल्ल्यास टिकते कीं नाहीं, याचा निकाल लागावयाचा होता. तो बेन्झच्या पत्नीनें लाविला. ऑगस्ट १८८८ मध्यें बर्था बेन्झ हिनें पतीस न सांगतां, ऑयगेन व रिचर्ड या दोन मुलांस बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्झहाइम येथील माहेरचा रस्ता धरिला. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. या प्रवासाची हकीकत मुख्यतः कुटुंबाच्या मागाहूनच्या आठवणींवरून ज्ञात आहे. म्हणजे तिची जात आपल्याकडील बखरींची. तथापि तिच्यांतील तपशील गाडीच्या रचनेशीं इतका जुळतो कीं, त्यावर विश्वास ठेवण्यास हरकत दिसत नाहीं.

त्या एका प्रवासांत मोटारीच्या बहुतेक सर्व अंगांनीं आपापली ओळख करून दिली. पहिलें अंग इंधनाचें. वाटेंत इंधन संपलें तेव्हां वीसलोख गांवच्या औषधविक्याकडून लिग्रोइन नांवाचें पेट्रोलजातीचें द्रव्य विकत घ्यावें लागलें. पुढें इंधनाची नळी तुंबली, ती बर्थाबाईंनीं टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. दुसरें अंग ठिणगीचें. विजेच्या तारेवरील वेष्टण झिजून गेलें, तेथें मोज्याचा बंद गुंडाळून काम भागविलें. तिसरें अंग थंडाव्याचें. इंजिनाभोंवतालचें पाणी वाफ होऊन उडून जाई, म्हणून वाटेंत ठिकठिकाणीं पाणी भरावें लागे. चवथें अंग इंजिनाची शक्ति चाकांपर्यंत नेणारें. त्यांतील सांखळी सैल झाली, ती ब्रुखजाल येथील लोहारानें नीट करून दिली. पांचवें अंग ब्रेकचें. उतारावर ब्रेकचे लांकडी ठोकळे झिजले, तेव्हां बाउश्लोट गांवच्या चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. चढावर शक्ति अपुरी पडे व मुलांना गाडी ढकलावी लागे. परत आल्यावर बर्थाबाईंनीं हें सांगितलें आणि गाडीस चढासाठीं आणखी एक गीअर बसविण्यांत आला.

या हकीकतीकडे सामान्यतः धाडसाची कथा म्हणून पाहतात. आम्हांस तींत दुसरें कांहीं दिसतें. बिघाड अनेक झाले, परंतु प्रत्येक बिघाड डोळ्यांस दिसणारा होता. आणि त्यावर इलाज करणारा मनुष्य जवळच्या गांवांतील जुन्या धंद्यांतला होता. औषधविक्या, लोहार व चांभार हे तिघे मोटारीचे पहिले कारागीर होत. मोटारीचा म्हणून असा स्वतंत्र कारागीर अजून जन्मास यावयाचा होता.

तो जन्मला श्रीमंतांच्या घरीं. फ्रेंच भाषेंत शोफर या शब्दाचा मूळ अर्थ भट्टींत कोळसा सारणारा असा आहे. वाफेच्या यंत्रावरील हा शब्द मोटार हांकणाऱ्यास चिकटला. प्रारंभीच्या शोफराचें काम गाडी हांकणें एवढेंच नव्हतें. आपल्याकडे पागेंतील मोतद्दारास घोड्याचा खरारा, दाणावैरण व नालबंदीची वेळ हें सर्व पाहावें लागे, तसेंच शोफराचें होतें. वंगणाच्या वाट्या भरणें, सांध्यांस चरबी देणें, पाणी पाहणें, हँडल मारून इंजिन सुरू करणें, ही कामें त्याच्या नित्याच्या दिनक्रमांतील. टायरांची अवस्था त्या वेळीं किती नाजुक होती, हें १८९५ सालच्या पॅरिस-बोर्डो-पॅरिस शर्यतींत मिशलॅं बंधूंच्या गाडीस ज्या असंख्य पंक्चरांस तोंड द्यावें लागलें, त्यावरून कळतें. अशा काळांत निगा ही वेगळी गोष्ट नव्हती. ती हांकण्याचाच भाग होती.

पुढचें पाऊल १९०८ सालीं पडलें. त्या वर्षीं इंग्लंडांतील ब्रुकलंड्स येथें रॉयल ऑटोमोबाइल क्लबाच्या देखरेखीखालीं तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या करण्यांत आल्या. तिन्हींचे भाग एकमेकांत मिसळण्यांत आले, त्यांतील ८९ भाग काढून त्यांच्या जागीं विक्रेत्याच्या सांठ्यांतील भाग घेण्यांत आले, आणि त्या ढिगांतून पुन्हां तीन गाड्या उभ्या करून त्या ५०० मैल चालविण्यांत आल्या. कानसीचा उपयोग न करितां, केवळ पाने व पेचकस यांनीं ही जुळणी झाली. याबद्दल कंपनीस ड्यूअर पदक-चषक मिळाला, ही गोष्ट गौण. मुख्य गोष्ट ही कीं, तोंवर दुरुस्ती म्हणजे कानशीनें घासून भाग जुळता करणें असे. आतां दुरुस्ती म्हणजे झिजलेला भाग काढून मापाचा दुसरा बसविणें, असा अर्थ झाला. भाग सारखे झाले म्हणजे त्यांचें आयुष्यहि साधारण सारखें होतें. आणि अमुक मैलांनंतर अमुक भाग बदलावा, असें आगाऊ सांगतां येतें. मुदतीच्या निगेचें शास्त्र यावर उभें आहे.

त्याच १९०८ सालीं फोर्ड कंपनीची टी नमुन्याची गाडी निघाली. १९२७ पर्यंत अशा सुमारें दीड कोटि गाड्या झाल्या व मोटार शेतकऱ्याच्या दारांत आली. शेतकऱ्यास शोफर कोठून परवडणार? म्हणून कंपनीनें प्रश्नोत्तररूपानें लिहिलेली पुस्तिका दिली व मालकासच मिस्त्री केलें. या गाडींत तेल मोजण्याची कांडी नव्हती; इंजिनाच्या खालच्या अंगास दोन लहान तोट्या होत्या. वरच्या तोटींतून तेल आलें तर तें भरपूर. खालच्या तोटींतूनहि न आलें तर गाडी चालविणें धोक्याचें. मालकास गाडीखालीं वांकून तोटी सोडावी लागे, आणि त्या निमित्तानें गाडीची खालची बाजूहि त्याच्या नजरेखालून जाई.

यानंतर मात्र यंत्र आपलें अंग झांकूं लागलें. चार्ल्स केटरिंग याच्या प्रयत्नानें १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर विजेचा स्टार्टर आला. हँडल उलटून मनगटें मोडत, तें संकट टळलें, हा लाभ थोर होय. परंतु हँडल फिरविणाऱ्या हातास नळकांड्यांतील दाब रोज कळत असे. दाब कमी झाला तर तो हातासच प्रथम जाणवे. ती रोजची परीक्षा स्टार्टराबरोबर संपली. १९२१ सालीं ड्यूझेनबर्ग गाडीच्या चारहि चाकांस द्रवाच्या दाबानें चालणारे ब्रेक आले. सळ्या व तारा यांची जागा बंद नळ्यांनीं घेतली. चांभारानें ठोकलेलें चामडें झिजलेलें दिसे. नळींतील द्रव बिघडलेला दिसत नाहीं.

या एका द्रवाचें उदाहरण थोडें विस्तारानें पाहण्यासारखें आहे. आज सर्रास वापरलें जाणारें ग्लायकोलजातीचें ब्रेकतेल हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट ३ या प्रतीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदु किमान २०५ अंश सेंटिग्रेड असावा लागतो. ओल धरलेल्या तेलाचा १४० अंशांवर आला तरी तें मानांत बसतें. शहरांतल्या सपाट रस्त्यावर हा फरक कधींच कळणार नाहीं. परंतु बोरघाट किंवा कसाऱ्याचा घाट उतरतांना सारखा ब्रेक दाबला जातो, ब्रेक तापतात, तेलास उकळी येऊन त्याची वाफ होते. आणि द्रवाप्रमाणें वाफ दाब पोंचवीत नाहीं, ती स्वतःच दबते. पायाखालचें पेडल तळास जातें व गाडी थांबत नाहीं. आदल्या दिवशीं हेच ब्रेक उत्तम लागत होते, अशी साक्ष मालक देईल, आणि ती खरीहि असेल. म्हणूनच हें तेल बिघडल्यावर नव्हे, तर मुदत भरतांच बदलावयाचें असतें. आणि घाट उतरतांना खालच्या गीअरांत उतरावें हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम याच कारणानें आजहि पाळण्यासारखा आहे.

इतर अंगांचेंहि असेंच आहे. इंजिनाचें तेल केवळ वंगण नव्हे. तें उष्णता वाहून नेतें, काजळी धरून ठेवतें व धातूवर पातळ थर राखतें. समोरच्या फलकावरील तांबडा दिवा तेलाचा दाब सांगतो, गुण सांगत नाहीं. तो चालत्या गाडींत लागला तेव्हां दाब पडून चुकलेला असतो व गाडी तत्क्षणीं थांबविणें एवढाच मार्ग उरतो. १९६२ च्या ग्लास १००४ या जर्मन गाडींत कॅमदंड फिरविण्यासाठीं सांखळीऐवजीं रबरी दातेरी पट्टा आला व पुढें अनेक गाड्यांत रूढ झाला. सांखळी सैल झाली तर बहुधा खडखडते. हा पट्टा पुष्कळदां न बोलतां तुटतो, आणि तुटला म्हणजे अनेक इंजिनांत व्हाल्व दट्ट्यावर आदळून इंजिन निकामी होतें. थंडाव्याच्या पाण्यांतील गंजरोधक द्रव्यें सरतात, टायराचें रबर कमी चालूनहि वयानें तडकतें. यांपैकीं एकहि गोष्ट आसनावर बसून कळत नाहीं.

येथें असा आक्षेप येईल कीं, आजच्या गाडींत संगणक आहे, दोष असेल तर तोच सांगेल. अमेरिकेंत १९९६ पासूनच्या मोटारींस दोषसूचक यंत्रणा सक्तीची झाली, हें खरें. परंतु ती मुख्यतः धुराशीं संबद्ध असे दोष पाहण्यासाठीं निर्माण झाली. तिला ठिणगी चुकल्याचें कळतें. टायराची तडक, स्टीअरिंगच्या सांध्यांतील ढिलाई किंवा नळीवरील गंज कळत नाहीं. त्यासाठीं गाडी वर उचलून, चाक हातानें हलवून पाहणारा मनुष्यच लागतो. शिवाय यंत्रणेनें सांगितलेल्या दोषाचें कारण शोधणें, हेंहि शिक्षित कारागिराचेंच काम आहे.

ही तपासणी मालकाच्या मर्जीवर सोडावी काय, या प्रश्नास पुन्हां मानहाइमनेंच उत्तर दिलेलें आहे. बेन्झच्या पेटंटापूर्वी एकवीस वर्षें, म्हणजे १८६५ सालीं, त्या शहरांतील एका मद्यकारखान्याचा बॉयलर फुटला. त्यानंतर १८६६ मध्यें बॉयलरांच्या मालकांनींच एकत्र येऊन बॉयलरांवर देखरेख ठेवणारी संस्था काढिली. आपलें यंत्र परक्या जाणत्या मनुष्यानें मुदतीनें पाहावें, हें त्यांनीं आपण होऊन मान्य केलें. अशा संस्थांच्या परंपरेंतूनच जर्मनींतील वाहनतपासणीच्या संस्था उदयास आल्या. १९५१ पासून तेथें मुदतीची तपासणी सक्तीची झाली. ब्रिटनमध्यें १९६० सालीं दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे व स्टीअरिंग तपासण्याचा कायदा अमलांत आला. पहिल्याच तपासण्यांत नापास गाड्यांचें प्रमाण इतकें आढळलें कीं, पुढील वर्षींच ही मर्यादा सात वर्षांवर व १९६७ मध्यें तीन वर्षांवर आणावी लागली. त्या गाड्या सर्व रस्त्यावर धांवतच होत्या. चालती गाडी म्हणजे निर्दोष गाडी नव्हे, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

आपल्या देशाकडे वळतां, १९३९ च्या मोटारवाहन कायद्याच्या ३८ व्या कलमानें भाड्याच्या व मालाच्या गाड्यांस योग्यतेचा दाखला आवश्यक केला. १९८८ च्या कायद्यांत तीच तरतूद ५६ व्या कलमांत आहे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीस ही तपासणी चुकली नाहीं. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी गाड्या, कारखाना बंद पडल्यावरहि, ऑक्टोबर २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धांवत राहिल्या, याचें श्रेय या तपासणीस व गल्लीगल्लींतील मिस्त्र्यांस आहे. खाजगी मोटारीची गोष्ट निराळी. तिची नोंदणी १५ वर्षांपर्यंत वैध असते. त्या अवधींत धुराचा दाखला तेवढा मुदतीनें घ्यावा लागतो, ब्रेक व स्टीअरिंग सक्तीनें कोणी पाहत नाहीं. जें काम टॅक्सीच्या बाबतींत कायदा करितो, तें खाजगी गाडीच्या बाबतींत सर्वस्वीं मालकाच्या विवेकावर आहे. त्या विवेकाशीं संबंध केवळ मालकाच्या पैशाचा नसून, त्याच घाटांतून समोरून येणाऱ्या अपरिचित माणसांच्या जीविताचा आहे.

शेवटीं एक सूचना. इतिहाससंशोधकांस बखर व रोजकीर्द यांतील भेद सांगावयास नको. गाडी नीट चालते, हें मालकाचें म्हणणें बखरींत जमा. कोणत्या तारखेस, किती किलोमीटरांवर, कोणतें तेल व कोणता भाग बदलला, ही कारागिराच्या सहीची नोंद रोजकीर्दींत जमा. प्रत्येक गाडीबरोबर अशी नोंदवही ठेवावी, तींतील मुदती पाळाव्या, आणि गाडी दुसऱ्याच्या हवालीं करितांना वहीहि हवालीं करावी. मोटारीचा पुढील इतिहास लिहिणारांस ती वही उपयोगी पडेलच. परंतु तिचा पहिला उपयोग त्या गाडींत बसणाऱ्यांस आहे.